दळणावळ

बँकेच्या कर्जप्रकरणात 'दळणावळ' नावाचा एक रकाना मी स्वतःच्या हाताने वाढवला होता. रक्कम किरकोळ होती, आज सांगायलाही लाज वाटावी इतकी. पण माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत लाखांची, कोटींची प्रकरणे हाताखालून गेली, त्यातली फारशी आठवत नाहीत आणि ही शे-सव्वाशे रुपयांची नोंद मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

गोष्ट १९८८ सालची. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जतच्या बाजूला, आमच्या बँकेची एक तीन खोल्यांची शाखा होती. मी तिथे शेतीकर्जाचे काम पाहणारा अधिकारी. वय सत्तावीस, शिक्षण वाणिज्य शाखेचे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी, शिलाई यंत्रे, बैलगाड्या आणि मेंढ्या, असे सगळे आम्ही वाटत होतो. मेंढ्यांचा गट ठरलेला असे : वीस माद्या आणि एक नर, 'वीस अधिक एक'. ज्याच्या तीन पिढ्या मेंढरांमागे चालण्यात गेल्या, त्याला मेंढ्या कशा पाळाव्यात हे आम्ही छापील कागदावर समजावून देत होतो. त्याने खाली अंगठा उठवायचा.

आबा त्यांतलेच. साठीच्या घरातले, डोक्याला तांबडे मुंडासे, खांद्यावर काळे घोंगडे. दिवाळीनंतर कळप घेऊन पाण्याच्या बाजूला उतरायचे, पावसाळ्याच्या तोंडी परत यायचे. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढरे बसवायची आणि त्या खताच्या बदल्यात जोंधळा घ्यायचा, हा त्यांचा हिशेब. पण त्या वर्षी गुडघे धरले होते. एका जागी बसून काही करता येईल का, म्हणून ते बँकेत आले. दहा नर कोकरे घ्यायची, तीन महिने दाणावैरण देऊन वाढवायची आणि बकरी ईदेच्या बाजारात विकायची. ईद जुलैच्या अखेरीस होती. बेत चांगला होता. मी प्रकल्प अहवाल लिहायला घेतला.

खुराकाच्या सदरात आबांनी 'मका' सांगितला. मी 'मका भरडा' लिहिले आणि खाली दळणावळ धरली.

''भरडा कशापायी, सायेब?'' आबा म्हणाले. ''मेंढरू दाताचं जनावर हाय. त्ये दळतंय की तोंडात.''

मी त्यांना समजावले, की दळलेले पचायला सोपे असते. आख्खा दाणा तसाच बाहेर पडतो, पैसे वाया जातात. हे मी कुठे वाचले होते? आमच्याच बँकेच्या दुभत्या जनावरांविषयीच्या परिपत्रकात. गाईम्हशींसाठी ते बरोबर होते, आजही आहे. मेंढी ही लहान गाय आहे अशी माझी समजूत होती.

आबांनी वाद घातला नाही. बँकेच्या आवारातून बाहेर पडताना त्यांची दोन मेंढरे लिंबाखाली बांधलेली होती. त्यांनी वाकून एक ताजी लेंडी उचलली, अंगठ्याने फोडली आणि माझ्यापुढे धरली. ''बघा. काल मका घातलाय. दाणा दिसतोय का?'' मी एक पाऊल मागे सरलो. पाहिले नाही. कर्जाचा हप्ता सोडण्यासाठी गिरणीची पावती जोडावी लागेल, एवढे मात्र आठवणीने सांगितले.

पावती आली. कोकरे आली. पहिले काही आठवडे ठीक गेले. मग एके दिवशी आबा परगावी लग्नाला गेले असताना त्यांच्या थोरल्या मुलाने, बाजार जवळ आला म्हणून, भरड्याचे माप दुप्पट केले. दळताना गिरणीवाल्याने जाते जरा जवळच बसवले होते. भरडा कसला, पीठच होते ते. कोकरांनी चाटूनपुसून खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी रवंथ थांबला होता. कोकरे झोकांडत होती, दात खात होती, पातळ आंबूस हगवण लागली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहांतली पाच गेली. तालुक्याहून आलेल्या पशुवैद्यांनी एकाचे पोट उघडले. दोन दिवसांच्या शिळ्या आंबिलीसारखा वास आला. आतला लगदा करडा, पातळ. हिरव्या वैरणीचा मागमूस नव्हता.

विमा उतरवलेला होता. कंपनीने दावा नाकारला. कारण दिले, 'आहाराविषयी हलगर्जी'. तो आहार कोणी लिहून दिला होता, हे त्या पत्रात नव्हते. आबांनी घरच्या दोन माद्या विकून हप्ते भरले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे माझी बदली झाली.

हे सारे इतक्या वर्षांनी उकरून काढायचे कारण, चार वर्षांपूर्वी एका कादंबरीसाठी मी मेंढपाळांविषयी वाचत होतो. एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पशुआहारशास्त्राची जुनी इंग्रजी नियतकालिके चाळत बसलो असताना १९७४ सालचा एक निबंध हाती लागला. आबांनी लेंडी फोडून मला जे दाखवले होते, तेच त्यात कोष्टकांसह छापलेले होते. तेही आमच्या प्रकरणाच्या चौदा वर्षे आधी.

निबंध स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनजवळच्या रोवेट संशोधन संस्थेतला. ही संस्था ज्यांनी उभी केली ते जॉन बॉईड ऑर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे पहिले महासंचालक झाले आणि १९४९ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. तिथे ऑर्स्कोव्ह नावाचे मूळ डेन्मार्कचे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्यापुढची अडचण आबांच्या अडचणीहून फार वेगळी नव्हती. साठीच्या दशकात ब्रिटनमध्ये वासरांना भरपूर बार्ली घालून झटपट वाढवण्याची टूम निघाली होती. तीच कोकरांना लावली, तेव्हा दोन तक्रारी आल्या. कोठीपोटाच्या आतल्या अस्तराला सूज येई, आणि कोकरांची चरबी मऊ, तेलकट निघे. खाटीक तिला नाक मुरडत.

ऑर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले ते इतके साधे, की शास्त्रज्ञाला सुचायला अवघड. बार्ली, मका, ओट आणि गहू, ही चारही धान्ये त्यांनी काही कोकरांना दळून गोळ्या करून दिली आणि काहींना आख्खी, जशीच्या तशी. अपेक्षा अशी, की दळलेले जास्त पचेल. तसे झाले नाही. आख्खे धान्य दळलेल्याइतकेच पचले. बार्लीच्या बाबतीत तर आख्खे थोडे अधिकच. वजनवाढीत सांगण्यासारखा फरक नव्हता. कोठीपोटात मात्र दोन निराळी जगे होती. आख्ख्या बार्लीवर तिथला पीएच सहाच्या वर राहिला, दळलेल्या बार्लीवर साडेपाचच्या आसपास आला. पीएचच्या मापात एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट. चरबी मऊ पडण्याचा दोषही आख्ख्या दाण्यावर कमी झाला.

थोडक्यात, गिरणीचे पैसे देऊन विकत काही घेतले असेल, तर ते दुखणे.

हे का होते, ते समजून घ्यायला मेंढीच्या पोटात डोकवावे लागते. आपण म्हणतो मेंढी गवत खाते. खरे पाहता मेंढी गवत आपल्या कोठीपोटातल्या भाडेकरूंना खाऊ घालते आणि त्यांच्यावर जगते. त्या पोटातल्या एक मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय त्यांच्यावर चरणारे आदिजीव निराळे. या वस्तीत धंदे वाटून घेतलेले आहेत. काहीजण कडब्यातला, गवतातला काष्ठमय तंतू फोडतात. हे सावकाश काम करणारे, आम्लाला फार जपणारे लोक. पीएच सहाच्या खाली घसरला, की त्यांचे हात थांबतात. दुसरे स्टार्च फोडणारे. हे चपळ, आणि आम्लाची त्यांना तितकी फिकीर नसते. दोघांच्या खाण्यातून जी आम्ले सुटतात त्यांवर मेंढी जगते. पोटाच्या भिंतीतून ती रक्तात जातात. पण आम्ल तयार होण्याचा वेग आणि ते शोषले जाण्याचा, मारले जाण्याचा वेग यांचा मेळ बसावा लागतो. माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर भरणा आणि उचल.

आम्ल मारण्याचे साधन मेंढीच्या तोंडातच आहे. तिच्या लाळेत खाण्याच्या सोड्यातले द्रव्य असते. मोठी मेंढी दिवसाकाठी आठ-दहा लिटर लाळ गिळते. ही लाळ सुटते चावताना, आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते ती रवंथ करताना. म्हणजे जितके चावणे, तितका सोडा. आता आख्खा मक्याचा दाणा घ्या. मेंढी तो खाताना फोडते. उरलेले तुकडे रवंथ करताना पुन्हा तोंडात आणते, पुन्हा दळते. पहिल्या पोटांतून पुढे सरकायला तुकडा एक मिलिमीटरच्या आसपास बारीक व्हावा लागतो. त्यामुळे मोठा तुकडा सहसा निसटत नाही, परत गिरणीवर येतो. दाणा तासांच्या हिशेबाने थोडा थोडा उघडतो. जिवाणूंना स्टार्च हप्त्याहप्त्याने मिळतो, आणि प्रत्येक हप्त्याबरोबर लाळही येते. पीठ घातले, की सगळी रक्कम एकदम हातात. चावायचे काही उरले नाही, म्हणून लाळ कमी. आणि प्रत्येक कणाला चहूबाजूंनी जिवाणू भिडलेले.

गाईचे तसे नाही. तिचे तोंड मोठे, घास मोठा, दाणा ती बेफिकिरीने गिळते. तिच्या पोटातला दरवाजाही मेंढीपेक्षा रुंद. त्यामुळे आख्खा दाणा बऱ्याच प्रमाणात तसाच शेणात येतो. कोंबड्या शेण का उकरतात, हे खेड्यात लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून गाईला भरडाच दिला पाहिजे. आमचे परिपत्रक खोटे नव्हते. ते ज्या तोंडासाठी लिहिले होते त्या तोंडाचे नाव मी वाचले नाही.

पिठाने मेंढी मरतेच असे नाही. पुष्कळदा ती नुसती हळूहळू तोट्यात जाते, आणि हा तोटा कोणाच्या वहीत चढत नाही. पीएच दिवसातले बरेच तास सहाच्या खाली राहिला, की कडबा फोडणारे जिवाणू मंदावतात. मेंढी कडबा कमी खाते, खाल्लेला नीट पचत नाही. मालक म्हणतो, भरडा चालू केल्यापासून वैरण टाकायला लागली, चला, भरडा वाढवू. धान्य वैरणीला पूरक म्हणून आणलेले, ते वैरणीच्या मुळावर येते. ज्या मुलखात कडब्याची पेंढी मोजून टाकतात, तिथे याला काय म्हणायचे?

मरण येते ते एकदम जादा पडल्यावर. त्याची साखळी हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ सालीच मांडली होती. कोठीपोटाच्या सूक्ष्मजीवशास्त्राचे हंगेट म्हणजे आद्य पुरुष. मेंढीला सवय नसताना भरपूर धान्य मिळाले, की स्ट्रेप्टोकॉकस जातीचा एक जिवाणू, जो एरवी कोपऱ्यात असतो, तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट या वेगाने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल बनवू लागतो. दही लावताना जे होते तेच, पण इथे भांडे जिवंत आहे. पीएच पाचाच्या खाली गेला, की तो स्वतःही मागे पडतो आणि त्याहून आम्लखोर जिवाणू ताबा घेतात. तीव्र आम्लाकडे अंगातले पाणी ओढले जाते, म्हणून मेंढी आतून सुकते आणि पोट मात्र डुचमळते. आम्ल रक्तात उतरते. चोवीस ते छत्तीस तासांत कारभार आटोपतो.

इथे मला माझ्याविरुद्धचा खटलाही नीट चालवला पाहिजे. सारा दोष गिरणीचा नव्हता. माप दुप्पट झाले, तेही एका दिवसात. आख्खा मका दुप्पट घातला असता तर कोकरे खात्रीने वाचली असती, असे मी म्हणू शकत नाही. खळ्यावर मोकळी सुटलेली मेंढरे आख्ख्या जोंधळ्याच्या राशीवर तुटून पडतात आणि रात्रीत फुगून मरतात. ही गोष्ट माणदेशात कोणीही सांगेल. आख्खा दाणा म्हणजे अभय नव्हे. दळल्याने वेळ कमी होतो, एवढेच. जी चूक आख्ख्या दाण्यात कदाचित निभावली असती, ती पिठात निभावत नाही. मी आबांच्या घरातून चुकीला असलेली ती जागा काढून घेतली. पावतीसह.

धान्याधान्यांतही फरक आहे. गहू आणि बार्ली यांचा स्टार्च भराभर आंबतो, मका आणि जोंधळ्याचा सावकाश. म्हणून गव्हाचे पीठ सर्वांत वाईट. शिजवलेले अन्न आणखी पुढचे, कारण शिजताना स्टार्चचे कण फुगून मोकळे होतात. लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात, पुऱ्या, बुंदी खाऊन दुसऱ्या दिवशी गावातल्या शेळ्यामेंढ्या आडव्या होतात, ती करणी नसते, की कोणाची नजरही नसते. कित्येक ठिकाणी अजून तसे मानतात. उरलेले अन्न मुक्या जिवाच्या मुखी लागले, म्हणून आपण पुण्याच्या हिशेबात धरतो, तो प्रकार वेगळाच.

जोंधळ्याविषयी मात्र रोवेटचा निकाल डोळे मिटून लावता येणार नाही. त्यांच्या चार धान्यांत जोंधळा नव्हता. त्याचा दाणा बारीक आणि कठीण, आत स्टार्चभोवती प्रथिनांचे घट्ट जाळे. मेंढीच्या दाढेतूनही काही दाणे निसटतात. बाजरीचे तेच. तो रात्रभर भिजवून द्यावा, किंवा दोन-तीन तुकडे होतील इतपत भरडावा. पीठ नको. दात पडलेल्या म्हाताऱ्या मेंढीलाही भरडून दिलेले बरे. तिची तोंडातली गिरण बंद पडलेली असते.

याखेरीज एक शत्रू धान्याच्या आडून येतो, तो आंत्रविषार. धष्टपुष्ट, सर्वांत जास्त खाणारे कोकरू सकाळी मेलेले सापडते. पचनातून सुटलेला स्टार्च आतड्यात उतरला, की तिथला एक जिवाणू त्यावर वाढून विष सोडतो. त्याची लस आहे, आणि खुराक सुरू करण्याआधी ती टोचून घ्यावी लागते. आमच्या प्रकल्प अहवालात लसीला रकाना नव्हता. दळणावळीला होता.

हे सारे आज सांगण्याला निमित्त आहे. चराऊ राने आकसली. वाटांवर द्राक्षबागांची कुंपणे आली. पोरे कळपामागे जायला तयार नाहीत. बंदिस्त शेळीपालन, मेंढीपालन हा आता जोडधंदा म्हणून जोरात सांगितला जातो. कृषी प्रदर्शनांत मी अलीकडे हिंडलो, तर जागोजागी घरगुती भरडा यंत्रे आणि गोळीखाद्याची पोती. विकणारा तरुण मला म्हणाला, ''काका, बारीक जितकं, तितकं अंगी लागतं.'' माझेच जुने वाक्य. मी त्याला विचारले, कुठल्या जनावराच्या? तो म्हणाला, सगळ्याच.

त्याच्याशी वाद घालायला मी पशुवैद्य नाही. पण ज्यांना खुराक द्यायचाच आहे त्यांनी मुठीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत माप वाढवावे. दिवसाचा दाणा दोन वेळांत विभागावा. आधी कडबा, मग दाणा, आणि कडबाही अगदी भुसा करून नको, चावायला लागेल असा. रवंथ थांबलेला दिसला, की दाणा बंद करून खाण्याचा सोडा पाण्यातून पाजावा आणि डॉक्टरांना बोलवावे, उद्यावर टाकू नये. हे सगळे आबांना ठाऊक होते. सोडा सोडून.

गेल्या वर्षी मी त्या गावाला गेलो. आमच्या शाखेच्या जागी आता औषधांचे दुकान आहे. शाखा हमरस्त्यावर गेली. आबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. थोरला मुलगा आता स्वतःच आबांच्या वयाचा. त्याने मला ओळखले नाही, मग ओळखले आणि चहा ठेवायला सांगितले. गोठ्यात चाळीसेक मेंढ्या होत्या. पाटीत आख्खा मका, कडेला भिजवलेला जोंधळा.

''भरडत नाही?'' मी विचारले.

''न्हाय. आबांनी परत गिरणीची पायरी चढू दिली न्हाय,'' तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ''त्या वक्ताला माप म्या वाढवलं हुतं, सायेब. तुमचं काय नव्हतं त्यात.''

मी रोवेटचे, ऑर्स्कोव्हचे सांगणार होतो. झेरॉक्सही बरोबर नेली होती. ती पिशवीतच राहिली. मी खाली वाकलो, एक लेंडी उचलली आणि अंगठ्याने फोडली. आत तपकिरी भुसा होता आणि त्यात जोंधळ्याचा एक अर्धा दाणा, पांढरा, शाबूत.

मी तो त्याला दाखवला. तो हसला. ''जोंधळ्याचा एखादा निसटतोयच,'' तो म्हणाला. ''मक्याचा शोधून दाखवा.''